कोर्ट उठेपर्यंत

लग्न होऊन मी गारगोटीच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकलेल्या गावात आले, तोवर हरणाचं मटण घरात शिजतं हेच मला माहीत नव्हतं. माझं माहेर गडहिंग्लजच्या बाजारपेठेतलं. सासरी मात्र भेकर हा रोजच्या बोलण्यातला शब्द होता. भेकर म्हणजे शेळीएवढं लहान हरीण. दिवस मावळताना रानातून कुत्र्यासारखं भुंकतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं होतं, एवढ्या लांब कुणाचं कुत्रं गेलंय? सगळं घर हसलं होतं.

भेकर मारणं गुन्हा आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तो गुन्हा वाटत मात्र कुणालाच नव्हता.

माझे सासरे, आमचे मामंजी, गावातले नावाजलेले शिकारी. शेतराखणीच्या परवान्यावर घरात ठासणीची बंदूक होती. भुईमुगात डुक्कर शिरलं की बार काढायचा, असं कागदावर. पण डुकराच्या नावाखाली भेकर पडलं तर ते कुणी पुरून टाकत नसे. त्याच बंदुकीच्या आवाजानं मामंजींचा एक कान पार गेला होता आणि दुसरा अर्धा. त्यामुळे ते स्वतः मोठ्यानं बोलत आणि आम्हालाही ओरडूनच बोलावं लागे. ते गावच्या दूध संस्थेचे संचालक होते, चार माणसांत शब्दाला मान होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सकाळी मी चुलीपुढे बसून पातेलं ढवळत होते आणि सोप्यात वनखात्याची माणसं येऊन उभी राहिली. पुढे आमच्या भागाचा गार्ड होता. तरुण होता, बोलायला मऊ. तो दारातूनच मला म्हणाला, "वहिनी, चुलीवर काय हाय?"

मी मामंजींकडे बघितलं. खोटं बोलावं तर काय बोलावं तेही सुचेना. मामंजींना प्रश्न ऐकू आला नव्हता, पण माझं तोंड बघून कळला असावा. ते उठले आणि म्हणाले, "तिला काय इचारतोस? भेकराचं मटण हाय. मी मारलंय. कातडं परड्यात वाळत घातलंय, जा बग."

पंचनामा झाला, बंदूक गेली, मामंजी गेले आणि जामिनावर संध्याकाळी परतही आले. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांनी ते पातेलं तोवर घासून पालथं घातलं होतं. जेवायला झुणका केला.

पुढे केस गारगोटीच्या कोर्टात उभी राहिली. भावकीतल्या जाणत्यांनी वकील दिला. वकील म्हणाले, "गुन्हा कबूल करायचा नाही. परवाना जाईल, संस्थेतलं पद जाईल. पंच आपल्याच गावातले आहेत, बघून घेऊ." मामंजींना ते पटलं नव्हतं, पण भावकीपुढे ते गप्प बसले. कोर्टात त्यांच्या वतीनं सांगितलं गेलं, गुन्हा कबूल नाही. मग तारखा सुरू झाल्या.

अडचण अशी की कोर्टाच्या व्हरांड्यात शिपाई आरोपीचं नाव पुकारतो, आणि त्या गलक्यात मामंजींना स्वतःचं नाव ऐकू येत नसे. एकदा पुकारा झाला तेव्हा ते तिथेच चिंचेखाली बसून होते आणि त्यांच्या नावानं वॉरंट निघायची वेळ आली. माझे मालक वारणानगरच्या साखर कारखान्यात कामाला होते. आठवड्यातून एकदा घरी यायचे. दिरांना शेत सोडवत नव्हतं. मामंजी म्हणाले, "सूनबाई बी. ए. हाय. तिला धाडा माझ्याबर. तिला ऐकू येतंय."

असं माझं कोर्टात जाणं सुरू झालं. एस. टी.नं खाली उतरायचं, व्हरांड्यात थांबायचं, नाव पुकारलं की मामंजींचा हात धरून आत न्यायचं. आत काय बोलणं झालं ते परतीच्या गाडीत त्यांना कानाशी तोंड नेऊन सांगायचं. सगळ्या गाडीला आमची केस ऐकू जायची. बहुतेक वेळा सांगण्यासारखं एकच असे, पुढची तारीख. पण वाट बघताना मी इतरांच्या केसेस ऐकत बसायची. बांधाच्या, पोटगीच्या, मारामारीच्या. कोण काय बोललं, वकिलानं कुठं अडवलं, न्यायाधीश साहेबांनी काय विचारलं, हे मी मामंजींना रंगवून सांगायची. ते मधेच विचारायचे, "मग ह्यात बरोबर कोण हाय?" मी सांगायची. कधी ते माझ्याशी भांडायचे. त्या गाडीत आमची दोघांची मैत्री झाली. सासरा आणि सून अशी ओळख मागे पडत गेली.

दरम्यान मला मुलगी झाली, ती रांगायला लागली, चालायला लागली. केस जागची हलली नव्हती.

त्याच कोर्टात शिकारीचा आणखी एक आरोपी येत असे. शहरातला, पैसेवाला माणूस, स्वतःच्या गाडीतून यायचा. हौस म्हणून सांबर मारल्याचा त्याच्यावर आरोप होता. एका तारखेला त्याचे दोन्ही पंच उलटले. आम्ही काही बघितलंच नाही, कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या, असं त्यांनी सांगितलं. तो निर्दोष सुटला. बाहेर येऊन त्यानं व्हरांड्यात पेढे वाटले. मामंजींच्या हातावरही एक ठेवला आणि म्हणाला, "घ्या पावणं, तोंड गोड करा. तुमचंबी हुईल असंच."

मामंजींनी पेढा खाल्ला नाही. स्टँडवर येईपर्यंत तो मुठीतच होता. तिथल्या कठड्यावर त्यांनी तो ठेवून दिला आणि हात धोतराला पुसला. गाडीत मला म्हणाले, "त्या गार्डाचं तोंड बगितलंस?"

मी बघितलं होतं. आमच्याच भागाचा तो गार्ड. सांबराची केसही त्यानंच पकडली होती. निकाल ऐकून तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला होता.

"मीबी मारलं, त्यानंबी मारलं," मामंजी म्हणाले. "त्यो आज हसत गेला, उद्या मी हसत जाणार. मग त्या पोरानं रानात कशाला फिरायचं? सांग की."

पुढच्या तारखेला त्यांनी वकिलांना सांगितलं, मला कबूल करायचंय. वकील चिडलेच. "अहो, तुमचे पंच बोललेत माझ्याशी. आता सुटताय तुम्ही! ऐन वेळेला काय हे?"

"सुटायचं न्हाय मला," मामंजी एवढ्या मोठ्यानं बोलले की सगळा व्हरांडा वळून बघायला लागला.

आत साहेबांनी विचारलं, कुणाच्या दबावाखाली कबुली देताय का? मी ते त्यांच्या कानात सांगितलं. ते म्हणाले, "न्हाय साहेब. मीच मारलं. लई वर्सं मारत आलोय, ह्या टायमाला घावलो."

शिक्षा झाली ती अशी: दंड, बंदूक सरकारजमा, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे त्या दिवशीचं काम संपेपर्यंत तिथेच बाकावर बसून राहायचं. मामंजी बसले. ताठ, हात गुडघ्यांवर ठेवून. मी मागच्या बाकावर. दुपारभर दुसऱ्यांच्या केसेस चालल्या. शेवटी साहेब उठले, सगळे उभे राहिले, मामंजीही उभे राहिले आणि परत बसले. खोली रिकामी झाली तरी ते बसूनच. मी खांद्याला हात लावला.

"मामंजी, सुटलासा तुम्ही. चला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "एवढंच?"

त्या एका शब्दात सुटका नव्हती, फसगत होती. इतकी वर्षं ज्याची धास्ती घेतली, ज्याच्यासाठी खोटं बोलायला लावलं गेलं, ती शिक्षा दुपारभर बाकावर बसण्याची निघाली. खरा त्रास दिला तो तारखांनी, आणि तो तर सुटलेल्यालाही झाला असता.

त्यांनी संस्थेतलं पद सोडलं. पुन्हा कुणाच्या बंदुकीला हात लावला नाही. आणि त्याच आठवड्यात एकदा जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, "सूनबाईला वकिली शिकवायची."

आत्याबाईंच्या हातातली पळी थांबली. "लेकरू कोण बगंल?"

"मी बगतो."

"म्हशी?"

"त्याबी मीच बगतो. आता रानात जायाचं न्हाय, काम काय हाय मला?"

माझ्या मनात ही इच्छा होती, पण मी ती कुणालाही बोलून दाखवली नव्हती. त्यांनी ती गाडीतल्या गप्पांमधून ओळखली होती. मालकांना कारखान्यात निरोप गेला. त्यांचं उत्तर आलं, आबा म्हणतात तर होऊ दे. मामंजींना ते आबा म्हणत. मी कोल्हापुरात मावशीकडे राहून कायद्याच्या कॉलेजात जायला लागले. शनिवारी गावी, सोमवारी परत. मधल्या दिवसांत कधी कधी मामंजी मुलीला घेऊन एस. टी.नं यायचे. कॉलेजच्या फाटकाशी दोघं उभी असायची, ती त्यांच्या खांद्यावर आणि त्यांच्या हातात भाकरीचं फडकं आणि दुधाची किटली. मैत्रिणींना मी सांगायची, हे माझे सासरे. कुणाचा विश्वास बसायचा नाही. मुलीला ताप असला तर ते मला कळवायचे नाहीत. बरी झाल्यावर सांगायचे आणि माझी बोलणी खायचे.

सनद मिळाली आणि मी गारगोटीच्याच कोर्टात काम सुरू केलं. ज्या व्हरांड्यात नाव पुकारण्याची वाट बघितली, तिथे आता मला लोक विचारायला लागले, आमचा नंबर कधी लागेल?

नवं शतक लागून काही वर्षं झाली होती. एका सकाळी मामंजी म्हशी घेऊन ओढ्यावर गेले, तर तिथे एक जीप उभी. अनोळखी दोघं जण सांबर ताडपत्रीखाली ढकलत होते. वरच्या जंगलातून, अभयारण्याच्या हद्दीतून आणलेलं. एकानं मामंजींना हाक मारली, "आजोबा, एक तंगडी घेऊन जावा. आणि काय बगितलं न्हाय म्हणा."

मामंजी म्हणाले, "मला ऐकू येत न्हाय." म्हशी तिथेच सोडून ते दूध संस्थेत आले आणि तिथल्या फोनवरून त्यांनी गार्डाला कळवायला लावलं. जीप खालच्या नाक्यावर अडवली गेली.

तोवर कायदा आणखी कडक झाला होता, आणि अभयारण्यातल्या शिकारीला तर आता चांगला तुरुंग होता. त्यामुळे आरोपींची धावपळही मोठी होती. ओळखीची माणसं माझ्याकडे आली. "मॅडम, सासऱ्यांना जरा सांगा. म्हातारा माणूस, दिसलं नसंल नीट."

मी घरी येऊन तसंच्या तसं सांगितलं. मामंजी म्हणाले, "सांगितलंस न्हवं? झालं तुझं काम."

साक्षीच्या दिवशी मी वकिलांच्या बाकावर नाही, मागे बसले. आरोपींच्या वकिलांनी मामंजींना बरोबर जागी धरलं. "तुम्ही स्वतः शिकारीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेली आहे, खरं की नाही?"

साहेबांनीच प्रश्न पुन्हा मोठ्यानं विचारला.

"भोगली की," मामंजी म्हणाले. "हितंच बसून. म्हणून तर सांबर वळखू आलं."

कोर्टात हशा पिकला. साहेबांनीही हसू लपवायला मान खाली घातली. पण साक्ष हलली नाही. दोघांना तुरुंगाची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती काहीशी कमी झाल्याचं ऐकलं. निकालाच्या दिवशी तो गार्ड, आता केस पिकलेला, मामंजींच्या पाया पडायला वाकला. मामंजींनी त्याला वरच्यावर धरलं आणि म्हणाले, "तू मला धरलंस, म्हणून मी माणसात आलो."

पुढे एका कॉलेजात मला शिकारीच्या कायद्यावर बोलायला बोलावलं. शिक्षा पुरेशी कडक आहे का, असा विषय होता. मी मामंजींना विचारलं, काय सांगू? ते म्हणाले, "बंदूक घेऊन जाताना शिक्षा किती हाय ते मी कवा इचारलं न्हवतं. घावतोय का न्हाय, एवढंच बगत हुतो. आन घावलो तर कोण उलटंल, ते." मी मुलांना ते सांगितलं. कोर्ट उठेपर्यंतची कैद हा थट्टेचा विषय होऊ नये, हेही सांगितलं. शिक्षा वाढायला हवीच होती, पण नुसती वाढवून भागत नाही. फिरणारा गार्ड हवा आणि न उलटणारा साक्षीदार हवा. हे मला पुस्तकानं शिकवलं नाही.

मामंजी पिकल्या वयात, घरात, सगळ्यांच्या समोर गेले. त्यांचे आभार मी त्यांच्या हयातीत मानले होते, कानात ओरडून, आणि ते लाजून गोठ्यात निघून गेले होते.

आत्याबाईंचे मानायचे राहिले होते. माझ्या कॉलेजच्या वर्षांत घर त्यांनी ओढलं, कुरकुरत ओढलं, पण माझा एकही सोमवार त्यांनी चुकू दिला नाही. दिवस-कार्य उरकल्यावर एका सकाळी मी त्यांच्याजवळ बसले आणि बोलले सगळं, जमेल तसं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पदर डोळ्यांना लावला, मग नाक ओढून म्हणाल्या, "व्हय, व्हय. लई शाणी हाईस. आता ऊठ, भाकरी टाक. कोर्टाला उशीर व्हईल तुला."