बाहेरून काढलेला जिना

ताज्या गिलाव्यावर दुपारी पाइपाने पाणी मारलं की जो गार, मातकट गंध दरवळतो, त्यावर मी आजन्म भाळलेला माणूस आहे. भिंत पाणी पिते तेव्हा हलकेच सुस्कारते, आणि मला वाटतं, ती माझीच तारीफ करते आहे! पण त्या दिवशी वटार गावातल्या माझ्या साइटवर, त्याच गंधात उभा असताना, माझ्या हाती वकिलाची नोटीस पडली. भिंत पीत राहिली. मी मात्र पाइप सोडून नोटीस दोनदा वाचली.

घर जनार्दनकाकांचं. केळी आणि सोनचाफ्याच्या वाडीत आयुष्य घालवलेला, कमी बोलणारा माणूस. नोटीस पाठवली होती त्यांच्या मुलाने, निलेशने. तो अंधेरीला नोकरी करतो. कर्ज त्याचं आणि माझ्याशी झालेल्या करारावर सहीही त्याचीच. मजकूर सरळ होता. नकाशात जिना घराच्या आत आहे, तुम्ही तो बाहेरून बांधलात. भरपाई द्या, नाहीतर कोर्टात या.

आता गंमत ऐका. जिना बाहेरून काढायला मला सांगितलं होतं खुद्द काकांनी! सुतार फळ्या ठोकत होते, तेव्हा फुलांची परडी बाजूला ठेवून ते म्हणाले, "जिना बाहेरून घे रे. मी सांगतो ना!" आपल्याकडे अंगणात उभं राहून बापाने एवढं म्हटल्यावर कोणता कंत्राटदार मुलाची सही मागायला जातो? बाप म्हणजेच घर, असं आम्ही धरून चालतो. करार मात्र नाती जाणत नाही. तो फक्त सही ओळखतो.

मी धावलो आमच्या वकीलबाईंकडे. हातवारे करून सगळं नाट्य सादर केलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "फोनवर भांडायचं नाही. काम आहे तिथे थांबव, फोटो काढून ठेव. नोटिशीला उत्तर द्यायचंच, पण शांतपणे. आणि सांग, तुला तसं सांगितल्याचा साक्षीदार कोण?"

"सांगणारेच. मुलाचे वडील."

"म्हणजे तुला वाचवायला बापाने मुलाविरुद्ध पिंजऱ्यात उभं राहायचं?"

माझे हात हवेतल्या हवेत थांबले. तुम्ही कधी खटल्यात अडकलेलं घर पाहिलं आहे? सळ्यांना गंज चढतो, स्लॅबवर पिंपळ उगवतो, आणि तारखांमागून तारखा घेत माणसं घरावाचून म्हातारी होतात. माझं नाव जाणार, ही भीती होतीच. पण माझं नाव राखायचं, तर त्या बापलेकांमधलं बोलणंच तोडायचं!

"उत्तर जाण्याआधी सगळ्यांना एकदा साइटवर बसव," एवढं बाईंनी सुचवलं. रविवारी मी काका, काकी आणि निलेश अशा तिघांना बोलावलं आणि चुन्याच्या फक्कीने दिवाणखान्याच्या जमिनीवर आतला जिना खराखुरा, पायरीच्या मापाने आखला. माणसं नकाशावर मान डोलावतात, आणि आम्ही त्या डोलण्याला होकार समजतो. पण कागदावरची रेघ कधी कुणाच्या गुडघ्याला लागली आहे का?

काकी त्या पांढऱ्या रेघांवरून चालून आल्या. मग बाहेरच्या जिन्यापाशी जाऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आणि वर निलेशला आमटी न्यायची तर पावसात छत्री धरून चढू का मी? बाहेरून जिना म्हणजे वेगळी चूल. कुणाच्या डोक्यातलं हे शहाणपण?"

निलेशने माझ्याकडे पाहिलं. "सांगा ना शेठ. तेवढंच तर विचारतोय."

आयुष्यभर बडबड केलेला मी, काकांचं नाव न घेता फक्कीचं घमेलं उचलू लागलो. तो थोरपणा नव्हता हो, निव्वळ धास्ती होती!

"माझ्या डोक्यातलं," काका म्हणाले. "तुझं लग्न होईल. उद्या नाही पटलं, तर माझ्या दारातून मान खाली घालून जायला नको. म्हणून वाट वेगळी ठेवली."

"मग मला एक फोन करायचा होता ना, बाबा! मी नोटीस कशाला पाठवली असती?"

"विचारलं असतं, आणि तू 'हो, वेगळाच हवा' म्हणाला असतास तर?"

चप्पल काढून निलेश फक्कीच्या पायऱ्यांवरून, रेघ न पुसता, सावकाश चालत गेला.

जिना आत घ्यायचा, हे तिथेच ठरलं. बदल कागदावर उतरला, तिघांनी सह्या केल्या, वकीलबाईंनी नोटीस मिटवून घेतली. तेव्हापासून मी कुणाच्या बापासाठीही करार करणाऱ्याच्या सहीवाचून वीट हलवत नाही.

बाहेरचा जिना तोडायला घेतला, तेव्हा काका शेजारी येऊन उभे राहिले. प्रत्येक घावाला त्यांची पापणी लवत होती. तळाशी आलो तसे ते म्हणाले, "खालच्या पायऱ्या राहू दे रे. टेकायला बऱ्या."

मी घण थांबवला. "आधी निलेशला फोन लावा, काका."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता दुसरी नोटीस यांचीच! मग हात धोतराला पुसले, नंबर लावला आणि हलक्या आवाजात मला विचारलं, "काय म्हणू त्याला?"

"विचारा. बस्स."

पलीकडे रिंग वाजत होती. फोन कानाशी घट्ट धरून, आपल्याच अंगणात परवानगी मागायला उभा राहिलेला तो म्हातारा बाप, मुलगा उचलेपर्यंत, श्वास रोखून होता. आणि मीही.