एकाच नावाच्या दोन चाव्या

ती घटना आठवली की आजही हसू येतं. पण त्या दिवशी ठाण्यातल्या बाकावर बसलेल्या देगलूरच्या शिंप्याला रडू आवरत नव्हतं, हेही विसरलेलो नाही.

भूकंपाच्या बंदोबस्तापासून मी लातूर ओळखतो. पुढं तिथं गल्लोगल्ली क्लास निघाले आणि चोऱ्याही शिकल्यासवरल्या झाल्या. एका बातमीदारानं खबर दिली, की एका मोठ्या क्लासच्या रविवारच्या चाचणीचा पेपर आधीच विकला जातोय. चौकशी सुरू करताच क्लासचे संचालक तणतणत ठाण्यात आले. त्यांच्या क्लासमधली कंप्युटर ऑपरेटर मुलगी पेपर मेलनं नांदेडच्या सरांकडं तपासायला पाठवायची. तीच फोडते, आजच अटक करा, हा त्यांचा हेका. मी म्हटलं, अटक कधी करायची ते माझं मी बघतो, तुम्ही आधी पाणी प्या.

मुलीनं जबाबात एकच धरून ठेवलं. "साहेब, मी कुलूप लावूनच पाठवायलेय." मेल कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर तिनंच बसवलं होतं. सरांच्या सार्वजनिक चावीनं मजकूर बंद करायचा. तो उघडायला सरांकडचीच खासगी चावी लागते. गुन्हा दाखल झाला असता तर बाकावरच्या त्या शिंप्याच्या लेकीची नोकरी आणि इभ्रत, दोन्ही गेली असती.

मी तिला कंप्युटरसमोर बसवलं आणि म्हटलं, पहिल्यापासून करून दाखव. तिनं सॉफ्टवेअरला कीसर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या सार्वजनिक चाव्या ठेवायची जागा, जोडला, सरांचं नाव शोधलं, तर चाव्या दोन! नाव एकच, मेलचे पत्ते वेगळे. वरची ताजी दिसली म्हणून तिनं तीच घेतली होती आणि पेपरही तिच्याच पत्त्यावर जात होता. नांदेडला फोन लावला, तर सर म्हणाले, ताजी चावी माझी नव्हेच. च्यायला, त्या सर्व्हरवर कोणीही कोणाच्याही नावानं चावी टाकावी, विचारणारं कोणी नाही. चोर पेपर उघडून बघायचा, खऱ्या चावीनं पुन्हा बंद करायचा आणि क्लासच्या नावानं सरांना पाठवायचा. म्हणून बोंब झाली नव्हती.

मग त्या खोट्या चावीनंच बंद करून, फक्त चोरालाच उघडता येईल असा निरोप आम्ही त्याच पत्त्यावर धाडला, की रविवारची चाचणी रद्द. संचालकांनाही पत्ता लागू दिला नाही.

रविवारी वर्ग भरला. पेपर विकत घेणारे तेवढे गायब! कोणी जळकोटला मामाकडं, कोणी मुखेडला बाजारात. चाचणी रद्द झाल्याचं कोणी सांगितलं, असं विचारल्यावर सगळ्यांनी एकच नाव घेतलं: हॉस्टेल सांभाळणारे, संचालकांचे सख्खे मेहुणे. पंचनामा करून त्यांचा कंप्युटर जप्त केला. खोट्या चावीच्या जोडीची खासगी चावी त्यातच सापडली आणि मेहुणे कबूल झाले. संचालकांनी मुलीची माफी मागितली, तीही बापासमोर. मला फार बरं वाटलं.

नावाची पाटी कोणीही लावतं. मागं माणूस तोच आहे का, हे विचारायला लाजू नये, एवढं मी या केसमध्ये शिकलो. मुलगी माझ्यापेक्षा पक्की शिकली. निवृत्तीनंतर मीही ते सॉफ्टवेअर बसवलं आणि हौसेनं तिला माझी चावी पाठवली, तर लगेच तिचा फोन.

"साहेब, आधी चावीचे ओळखीचे आकडे वाचून दाखवा, माझ्याकडं आलेल्या चावीशी ताडून बघते."

"अगं, माझा आवाज ओळखत नाहीस?"

"आवाज ओळखते. चावी न्हाई."

मी मुकाट्यानं चष्मा लावला आणि एकेक आकडा वाचून दाखवला.