हिरव्या गोळ्या आणि एकटीचं दही

माणसाच्या आयुष्यात असा एक क्षण येतो, की पायाखालची जमीन सरकते. आजारपणाच्या अनुभवांत हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं होतं, की निदान ऐकताना मी त्या क्षणाची जरा वाटच पाहत होते. पण माझ्या बाबतीत जमीन होती तिथेच होती. फक्त ती मला लागत नव्हती, आणि डॉक्टरांचं म्हणणंही नेमकं तेच होतं.

त्या जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरातल्या न्यूरोलॉजिस्ट, म्हणजे मज्जातंतूंच्या डॉक्टर. साठीच्या आसपासच्या, आवाजात चढउतार नसलेल्या. त्यांनी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकल्यावर थरथरणारा दोन दातांचा पोलादी काटा, माझ्या घोट्याच्या हाडावर टेकवला.

"जाणवतंय?"

"थंड आहे."

"थंडपणा नाही. थरथर."

"नाही."

"गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', त्या म्हणाल्या. आपलं भाकीत खरं ठरल्यावर जर्मन माणूस जितका खूश होतो, तितक्याच त्या झाल्या. म्हणजे फारशा नाही.

मग त्यांनी नाव सांगितलं: फ्युनिक्युलर मायलोसिस. ऐकायला एखाद्या इटालियन गोड पदार्थासारखं. अर्थ असा, की शरीराला बी-१२ हे जीवनसत्त्व बराच काळ कमी पडलं की मज्जारज्जूच्या मागच्या भागातल्या तंतूंवरचं आवरण झिजायला लागतं. आपला पाय कुठे आहे हे खाली न बघता कळणं, हे या तंतूंचं काम. माझ्या तंतूंनी ते सोडत आणलं होतं.

"झीज इथे थांबवता येईल," त्या म्हणाल्या. "गेलेलं परत येईल का, ते मी आज सांगणार नाही. पुष्कळदा बरंचसं येतं. कधी येत नाही."

मी त्रेपन्न वर्षांची आहे. एका सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहिते, म्हणजे कुणीही वाचत नाही असा मजकूर अत्यंत काळजीपूर्वक लिहिते. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मूलबाळ नाही. नवरा, श्रीकांत, पुण्यात. सासूबाई पडल्या, मांडीचं हाड मोडलं, तेव्हा तो दोन महिन्यांसाठी गेला. त्याला दोन वर्षं झाली. भांडण नाही, काही नाही. तिथे त्याची गरज आहे, इथे माझी नोकरी आहे. पाय परत आले नाहीत तर मी या जिन्यांवर काय करणार होते, हा प्रश्न मी त्या दिवशी डॉक्टरांना विचारला नाही. तो वैद्यकीय नव्हता.

सुरुवात थकव्यापासून झाली. ऑफिसमधून आल्यावर कोट न काढता खुर्चीत बसायचं आणि बराच वेळ बसूनच राहायचं. जीभ लाल आणि हुळहुळी झाली, चहासुद्धा झोंबायचा. मग पायांच्या बोटांना मुंग्या आल्या आणि त्या गेल्याच नाहीत. शेवटी एक विचित्र गोष्ट: सकाळी तोंड धुताना डोळे मिटले की माझा तोल जायचा. मी बेसिन एका हाताने धरून दुसऱ्या हाताने तोंड धुवायला शिकले. माणूस कशाचीही सवय करून घेतो आणि वर त्याला संस्कार म्हणतो.

याच सुमारास मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात एका गृहस्थांचं व्याख्यान झालं. आधी संगणकात होते, आता 'वेलनेस कोच'. विषय: ऊर्जा. श्रीखंड वाढायच्या आधी त्यांनी आम्हाला सांगितलं, की आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी ही एक पणती आहे.

प्रश्नोत्तरांत मी विचारलं, "पणतीत तेल कुठलं घालायचं?"

"ताई, फार सुंदर प्रश्न!" म्हणून त्यांनी टेबलाखालून डबा काढला.

स्पिरुलिनाच्या गोळ्या. पाण्यातल्या शेवाळासारख्या जिवाची हिरवी पूड. डब्यावर लिहिलं होतं, शंभर टक्के शाकाहारी बी-१२. मी मनातल्या मनात हसले आणि डबा घेतला. संशयी माणसाची ही अडचण असते. वक्त्यावर विश्वास नसला की त्याला वाटतं, आपण पुरेसे सावध आहोत.

मी जन्माची शाकाहारी, अंडंही नाही. तरी आपल्याकडे दूध, दही, ताक यांवर निभावून जातं. माझं ते निभावणं कधी बंद झालं, हे मला कळलंसुद्धा नाही. श्रीकांत गेल्यावर दुधाचा खोका संपेना. उरलेलं दूध मोरीत ओतताना वाईट वाटायचं, म्हणून चहा कोरा प्यायला लागले. मग दही लावणं थांबलं. दही दोघांचं लागतं, चौघांचं लागतं. एकटीचं दही दुसऱ्या दिवशी आंबट होतं आणि तिसऱ्या दिवशी त्याच्याकडे बघवत नाही. पनीर कुणी पाहुणे आले तरच. पाहुणे येत नव्हते. संध्याकाळी पावाचे दोन तुकडे आणि लोणचं, उपवासाला उकडलेला बटाटा. कमी पडेल ते भरून काढायला हिरव्या गोळ्या होत्याच.

घरच्या डॉक्टरांकडे, इथे ज्यांना हाउसआर्त्झ्ट म्हणतात त्यांच्याकडे, मी थकव्यासाठी गेले. त्यांनी विचारलं, "काही औषधं घेता?" मी म्हटलं, "नाही." हे मी अगदी प्रामाणिकपणे म्हटलं. माझ्या फडताळात तेव्हा हिरव्या गोळ्या, सासूबाईंनी पाठवलेला शतावरी कल्प, अश्वगंधा, केसांसाठीच्या कॅप्सूल आणि कुणीतरी आणून दिलेलं च्यवनप्राश होतं. पण आपल्याकडे ही औषधं नसतात. औषध म्हणजे जे आजारी माणूस घेतो. हे आपलं असंच असतं.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन जेमतेम बरं, थायरॉइड ठीक, बी-१२ खालच्या मर्यादेला टेकून पण मर्यादेत. डॉक्टर म्हणाले, वय, ताण, ऋतुबदल. जर्मनीत ऋतुबदल वर्षभर चालू असतो, त्यामुळे हे निदान सहसा चुकत नाही. मुंग्यांचं मी फारच लावून धरलं, तेव्हा त्यांनी न्यूरोलॉजिस्टकडे जायची चिठ्ठी दिली. भेटीची वेळ मिळेपर्यंत उन्हाळा संपला.

त्या प्रतीक्षेच्या खोलीत सगळे आत येताना 'गुटन टाग' म्हणतात आणि मग कुणी कुणाकडे बघत नाही. मला ते आवडतं. आजारी माणसाला कुणी बघितलेलंही बरं वाटतं आणि न बघितलेलंही.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी मला उभं करून, पाय जुळवून डोळे मिटायला सांगितलं. मी सरळ त्यांच्या टेबलावर गेले. त्यांनी मला धरून बसवलं आणि विचारलं, "काल काय खाल्लंत?"

प्रश्न अवघड नव्हता, नवा होता. पुण्याहून रोज फोन येतो. सासूबाई, माझ्या भाषेत अहो आई, आधी विचारतात, "जेवलीस का गं?" मी म्हणते, "हो, जेवले." कधी त्यांच्याकडे रात्रीचं जेवण झालेलं असतं आणि माझ्याकडे अजून ऑफिसही सुटलेलं नसतं, तरी मी हो म्हणते आणि त्याही "बरं झालं" म्हणतात. या प्रश्नाचं उत्तर 'हो' हेच आहे. मी लहानपणापासून कुणाला 'नाही' म्हणताना ऐकलेलं नाही. आणि काय जेवलीस, हे कुणी विचारत नाही, कारण तो खोचकपणा झाला असता.

मी आठवून सांगितलं. पाव. लोणचं. चहा. सफरचंद, अर्धं.

"आणि परवा?"

"तेच. सफरचंदाचं उरलेलं अर्धं."

त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आल्झो, तर मग, आता फडताळात काय काय आहे ते सांगा. औषध नाही असं तुम्हाला वाटतं, ते आधी."

रक्ताच्या आणखी दोन तपासण्या झाल्या. एक होलो-टीसी, म्हणजे शरीराला प्रत्यक्ष वापरता येईल एवढंच बी-१२ मोजणारी. दुसरी मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिडची. बी-१२ कमी पडलं की हे रक्तात साचतं. पहिलं अगदी तळाला होतं, दुसरं खूप वर. मज्जारज्जूचा एमआरआयही झाला. त्यात मागच्या बाजूला एक फिकट रेघ दिसली, जी नसायला हवी होती. त्यानंतरच्या भेटीत तो पोलादी काटा आणि ते गोड पदार्थासारखं नाव.

मग मर्यादेतला तो जुना आकडा? डॉक्टर म्हणाल्या, स्पिरुलिनात मुख्यतः बी-१२ सारखा दिसणारा पदार्थ असतो. माणसाच्या शरीराला तो वापरता येत नाही, पण साध्या तपासणीत तो मोजला गेला असण्याची शक्यता आहे. मी हे एसटीच्या हिशेबाने समजून घेतलं. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेली, कंडक्टरच्या लेखी गाडी भरलेली, आणि बसलेलं कुणीच नाही.

इंजेक्शनं सुरू झाली. आधी भराभर, मग आठवड्याने, मग महिन्याने. निदान झालं त्या संध्याकाळीच मी फोनवर सगळं सांगितलं. श्रीकांत म्हणाला, "मी येतो."

"आईंकडे कोण बघणार?"

"तेही आहे," तो म्हणाला. त्याने जरा लवकरच मान्य केलं. मी जरा लवकरच विचारलं होतं.

मागून अहो आईंचा आवाज आला. "तिला विचार, ते इंजेक्शन शाकाहारी आहे ना?"

"हो आई. जिवाणूंपासून बनवतात," मीच सांगितलं.

"जिवाणू? जिवंत असतात?"

"आता नसतात."

"मग मांसाहारीच झालं ते," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "घे हो. औषधाला चालतं."

आहारतज्ज्ञ बाई भेटल्या, त्यांनी माझं फडताळ निम्म्याहून अधिक रिकामं केलं. राहिलं ते असं: इंजेक्शनं संपल्यावर बी-१२ ची एक साधी पांढरी गोळी, कायमची. ड जीवनसत्त्व, कारण ते तपासून कमी निघालं. लोह नाही, कारण ते कमी नव्हतं. बाकी वरण, उसळी, भाज्या, दूध, दही. म्हणजे माझ्या आईने जे फुकट सांगितलं असतं, तेच. फरक एवढाच, की या बाईंनी पुढच्या भेटीत ते खाल्लं का हेही विचारलं.

हे वाचणाऱ्यांत माझ्यासारखे एकटे राहणारे, शाकाहारी, सतत दमलेले कुणी असतील तर त्यांना दोन-तीनच गोष्टी सांगते. डॉक्टर औषधांचं विचारतील तेव्हा डबे, पुड्या, कल्प, सगळं सांगा, वाटल्यास पिशवीत घालून न्या. आणि मुंग्या येत असतील तर वाट पाहू नका, बी-१२ ची नीट तपासणी मागून घ्या. आपल्या मनाने इंजेक्शनंही घेऊ नका. पूरक गोळ्यांवर माझा राग नाही. एका गोळीनेच मला उभं ठेवलं आहे. ती कुठली, हे मात्र रक्ताला विचारावं, व्याख्यात्याला नाही.

थकवा आधी गेला. जीभ बरी झाली. पाय तसेच राहिले. कठड्याला धरून, प्रत्येक पायरी बघून मी पूर्ण हिवाळा तो जिना चढले-उतरले. अहो आई आता "जेवलीस का" विचारत नाहीत. ताटाचा फोटो मागतात. मी फोटो काढते, पाठवते, आणि उत्तर येईपर्यंत थांबते. "कोशिंबीर कुठे आहे?" उत्तर येतं. किंवा, "भात इतकाच?" तोवर वरण निवलेलं असतं. टेबलाशी दुसरं कुणी नसतं, हे त्या फोटोत कधीच येत नाही. ताट तेवढं येतं. विरजण मात्र मी पुन्हा लावते. आंबट झालं की कढी करते, दोन वेळा खाते.

पाय परत येतील तेव्हा पहिली जाणीव कशाची असेल, याचा मी फार विचार केला होता. गवताची असेल, ऱ्हाइनकाठच्या वाळूची असेल. श्रीकांतला काय सांगायचं ते वाक्यही तयार होतं. हेर्नगार्टन या बागेतल्या बाकापर्यंत मी रोज चालत जायचे आणि वाट बघायचे.

वसंतात एका दुपारी तिथूनच परत येताना उजव्या करंगळीत कळ आली. अगदी स्पष्ट, ठणकणारी, माझी स्वतःची. मी रस्त्यात उभी राहून रडले. मग डाव्या करंगळीतही आली, तेव्हा सरळ बुटांच्या दुकानात गेले. तिथल्या बाईंनी दोन्ही पावलं मापून पाहिली. जे बूट मी ऑक्टोबरपासून रोज घालत होते, ते एक नंबर लहान होते.