माडाखाली उभा राहिलेला माणूस

देव माझ्यावर रुसला आहे, अशी तेव्हा माझी पक्की खात्री झाली होती. आणि रुसायला त्याच्याकडे वेळ तरी कुठून आला, हेही मला कळत नव्हतं. माहीमच्या बागांतला सर्वांत उंच माड, इतका उंच की शेंड्यावरून मारलेली हाक जमिनीवर पोचेपर्यंत शिळी व्हायची, त्यावरून मी खाली आलो होतो. पडता पडता 'आमच्या बापा' ही प्रार्थना सगळी म्हणून झाली, 'नमो मारिया' निम्मी झाली, आणि 'आम्हां पाप्यांसाठी' म्हणणार तोच वाळू लागली. पाय मोडला, तो जुळून आला. मन मात्र त्या वाळूतच पडून राहिलं.

आमच्या घराण्यात सगळे माडी काढणारे. कमरेला कोयती, पाठीला मडकं, सूर्य उगवायच्या आत शेंडा. पण पाय बरा झाल्यावरही मी खोडाला हात लावला की तळव्यांना घाम फुटे आणि माड डुलू लागे, वारा नसतानासुद्धा. मग मी ओट्यावर बसून पडल्याची गोष्ट सांगत राहिलो. गोष्ट फार रंगत असे. माड दर आठवड्याला उंच होत होता. माझी बायको रोझा मात्र रोज दादरला घरोघर मसाला कुटायला जाई आणि संध्याकाळी हातांची आग होऊ नये म्हणून ते ताकात बुडवून बसे. बागेच्या मालकाने निरोप पाठवला होता की ईस्टरपर्यंत चढला नाहीस तर तुझे माड दुसऱ्याला देतो. वाडवडिलांनी हाताळलेली झाडं ती. गेली असती तर आम्ही माहीमचे राहिलोच नसतो. रोज संध्याकाळी वाडीतल्या क्रुसापाशी मेणबत्ती लावून मी देवाला सांगे, 'आधी भीती काढ, मग चढतो.' तो काही काढेना, मी काही चढेना.

ते गाठीच्या तापाचं, प्लेगचं वर्ष. परळ, भोईवाडा, गिरगाव, जिकडेतिकडे दारांना कुलपं. आमच्या वाडीतले चढणारे बायकापोरं घेऊन वसईकडे निघून गेले होते. झावळ्यांचा रविवार, मिसाच्या प्रार्थनेला प्रत्येकाच्या हातात झावळी असते तो, उद्यावर आला आणि पाद्रीबाबा दारात येऊन म्हणाले, "कोवळ्या झावळ्या उतरवायला या वर्षी कोणी नाही रे. रिकाम्या हातांनीच मिसा करू. देव समजून घेईल." ते मला काही मागत नव्हते, हेच जास्त लागलं. ते गेल्यावर रोझा चुलीपासूनच बोलली, "बरं झालं जेरुसलेमात तुझ्यासारखे नव्हते. येशूच्या गाढवाच्या पायाखाली झावळी नसती पडली, नुसत्या गोष्टी पडल्या असत्या!"

रात्रभर ते वाक्य माझ्या उशाशी कुटत राहिलं. पहाटे मी कोयती घेऊन बाहेर पडलो. चढायला नव्हे, नुसतं बघायला, असं स्वतःला समजावत. खाडीवरून धुकं आलं होतं, आणि असं धुकं की हात पुढे केला तर पंजा दुसऱ्या गावात असल्यासारखा वाटे. माडांना बुंधे होते, शेंडे नव्हते. सगळी बाग कुणाच्या तरी झोपेत उभी होती. मी त्याच माडाशी गेलो. कपाळ खोडाला टेकवलं आणि पहिल्यांदाच अट न घालता म्हटलं, 'देवा, मला भीती वाटते.' बस, एवढंच. पुढे मागायला काही सुचलंच नाही.

"चढतोस ना?" मागून आवाज आला.

वळून पाहिलं तर एक माणूस, नखशिखांत पांढरा. मी गुडघे टेकणारच होतो, तेवढ्यात तो खोकला आणि त्याच्या अंगावरून चुना झडला. खाडीकाठच्या चुन्याच्या भट्टीवरचा कामकरी. देवदूत खोकत नसावेत, म्हणून मी गुडघे सरळ केले.

"तू बाजूला हो आधी," मी म्हटलं. "चढणाऱ्याच्या माडाखाली कोणी उभं राहत नाही. कोयती सुटली तर डोकं जाईल तुझं." आमच्यात हा नियमच आहे, आई असो की बायको, माडाखाली उभं राहायचं नाही. चढणारा एकटाच चढतो.

"मी उभा राहतो," तो म्हणाला.

"आणि पडलो तर काय, झेलणार मला?"

"छे! मला कुठलं पेलवतंय तुझं वजन?" तो हसला. "मी आपला वर बघत राहीन."

काय सांगू, त्या उत्तरात काहीच नव्हतं, तरी माझा पाय पहिल्या खाचेत गेला. मग दुसऱ्या. निम्म्यावर, जिथून मागच्या वेळी सुटलो होतो तिथे आलो, आणि अंग लाकूड झालं. घाम फुटला, माड डुलू लागला. चढताना खाली बघू नये म्हणतात, मी बघितलं. जमीन नव्हतीच. धुक्याच्या तळाशी फक्त तो पांढरा चेहरा होता, माझ्याकडे वळलेला, घाई नसलेला. भीती गेली नाही. ती माझ्याबरोबर चढली, एवढंच.

शेंड्यावर डोकं धुक्याबाहेर निघालं. या जागी मी नेहमी थोडं मीठ जास्त घालतो, पण आज घालत नाही. खाली सगळं दूध. त्यावर माडांचे शेंडे हिरव्या होड्यांसारखे नुसते तरंगत होते. लांब परळच्या गिरण्यांची धुराडी धुराशिवाय उभी, आणि जवळ आमच्या देवळाचा क्रूस पाण्यातून वर यावा तसा. तापाने अर्धं रिकामं झालेलं गाव त्या दुधाखाली कुणीतरी पांघरूण घालून निजवलं होतं. मी किती वेळ तसा बसलो, देव जाणे. मग माडाला इजा न करता कोवळ्या झावळ्या कापल्या आणि हाक देऊन एकेक खाली सोडल्या.

उतरलो तेव्हा झावळ्या नीट एकावर एक रचलेल्या होत्या, प्रत्येकीवर चुन्याची बोटं. माणूस नव्हता. आभार मानायला भट्टीवर गेलो, तर भट्टी तापामुळे कधीचीच बंद, दाराशी कुत्रं निजलेलं. दुसऱ्या भट्टीवरचा असेल. असेलही. मी वाद घालत नाही.

त्याच सकाळी देवळात माणसांपेक्षा झावळ्या जास्त होत्या. रोझाने आपली झावळी उंच धरली, मसाल्याने लाल झालेल्या बोटांत. घरी आल्यावर ती म्हणाली, "मालकाला सांग, माड आपलेच. आणि वसईला गेलेल्यांचेही तूच सांभाळ, ते येईपर्यंत. नाहीतर त्यांचे पण जातील." मी म्हटलं, "अगं, एवढे?" ती म्हणाली, "मग ओट्यावर बस."

सोमवारी पहाटे वारा होता, धुकं नव्हतं. माडाखाली कोणी नव्हतं. तळव्यांना घाम फुटला होता. मी छातीवर क्रूस केला, आणि चढलो.