माझ्या लग्नाच्या सुटाचा बिनपैशाचा व्यवहार

आमच्या घरातून पैसा हद्दपार करायचं मी ठरवलं, तेव्हा तो घरात फारसा नव्हताच. त्यामुळे कुणालाच धक्का बसला नाही.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो आणि धरमपेठेत राहायचो. वर्गात मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढायच्या आणि घरी येऊन रॉकेलच्या रांगेत उभं राहायचं, या दोन्हींचा मेळ काही बसेना. म्हणून मी ‘पर्यायी अर्थविचार मंडळ’ काढलं. पैशावाचून आणि निसर्गाला न ओरबाडता माणसांचं भागेल का, यावर दर रविवारी सकाळी आमच्या समोरच्या खोलीत विचार व्हायचा. (माझी बायको सुधा त्याला ‘चहा मंडळ’ म्हणायची, कारण विचार आम्ही करायचो आणि चहा ती करायची!)

मंडळात माझ्याशिवाय तिघं होते. पहिले तुळशीराम पराते. उमरेडचे विणकर. मिलच्या कापडानं यांचा माग बंद पाडला आणि हे आमच्या कॉलेजात शिपाई झाले. जग हातमागाकडे परत फिरेल का, एवढंच त्यांना माझ्याकडून जाणून घ्यायचं होतं. दुसरे सरदार गुरमीतसिंग, अमरावती रोडवरच्या वाडी गावचे ट्रकवाले. डिझेल महाग झाल्यापासून त्यांना एकच प्रश्न पडला होता, “प्रोफेसर साब, गोबर गॅस पे ट्रक चलेगा क्या?” विषय कुठलाही असो, प्रश्न हाच. आणि तिसरे मेश्राम सर, शाळेत गणित शिकवायचे. छप्पन्न साली नागपुरातच त्यांच्या घरानं धम्म स्वीकारला, तेव्हा ते शाळकरी होते. हे कडक इस्त्रीचा कोट घालून यायचे, कोपऱ्यात बसायचे आणि फारसं बोलायचे नाहीत.

एकदा मी भारावून म्हणालो, “जुन्या काळी गावात पैसा नव्हता. कामाच्या बदल्यात धान्य! काय सुंदर व्यवस्था!”

मेश्राम सर शांतपणे म्हणाले, “आमच्या बापाले भेटे नं सर ते धान्य. देणाऱ्याच्या मनात आलं तं भेटे. पैसा हातात आला तवा मान वर झाली आमची.”

“मग तुम्ही या मंडळात काहून येता, सर?” परात्यांनी विचारलं.

“तेच पुन्हा सुरू तं करून नाई राहिले तुम्ही लोक, हे पाहाले येतो!”

मी आतल्या बाजूला तोंड करून चहा मागवला.

आता माझ्या सुटाची ओळख करून देतो. तपकिरी रंगाचा, लग्नातला, बारा वर्षांचा. कोपरांवर ठिगळं, एक बटण पांढरं, बाकीची काळी. मंडळाच्या दिवशी मी तो हटकून घालायचो. जुनं वापरणं हेच खरं अर्थशास्त्र, असं माझं मत होतं. सुधाचं मत वेगळं होतं. तिनं तो तीनदा भांडेवालीला, म्हणजे बोहारणीला, द्यायला काढला आणि तीनदा मी तो गाठोड्यातून ओढून परत आणला होता.

तर त्या डिसेंबरातल्या रविवारी सुधा महाल भागात बहिणीकडे गेली होती. बहिणीच्या मुलीचं लग्न गुरुवारी होतं, त्याची तयारी चालली होती. इकडे आमच्यात वाद पेटला होता, की पैशाशिवाय चालणारा धंदा आज जगात कुठं उरला आहे का? मी दूरदूरच्या बेटांची उदाहरणं देत होतो. इतक्यात गल्लीतून आवाज आला, “भांडेऽऽऽय! जुन्या कपड्यावर भांडेऽऽऽय!”

गुरमीतसिंग म्हणाले, “लो जी. वो जा रही है.”

आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. दर आठवड्याला दारावरून जाणारी बाई, आणि आम्ही बेटं धुंडाळत होतो! मी धावत जाऊन तिला आत बोलावलं, वेताच्या खुर्चीवर बसवलं आणि वही उघडली. चंद्रभागाबाई तिचं नाव. टोपली मांडीवर घट्ट धरून ती म्हणाली, “काय झालं जी? म्या काई केलं नाई.”

“बाई, कपड्याची किंमत तुम्ही कशी ठरवता?”

“हाताले समजते.”

“म्हणजे नेमकं काय समजतं?”

“कपडे आना नं सर. बोलून का समजते?”

परात्यांनी मान डोलावली. मी उत्साहानं आतल्या खोलीत गेलो. ट्रंकेवर दोन गाठोडी होती. एक धडक्या चादरीत बांधलेलं आणि दुसरं विटक्या, जीर्ण धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं. कुठल्यात जुने कपडे असणार हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. मी धोतराचं उचललं.

चंद्रभागाबाई गाठ सोडायला लागली, तसा मी तिचा हात थांबवला. “नाही बाई. उघडायचं नाही!”

“काहून?”

“आमच्या नव्या अर्थव्यवस्थेचा पाया विश्वास आहे. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवा, मी तुमच्यावर.”

“पाहू तं द्या सर. हातानं...”

“विश्वास!” मी गरजलो. गुरमीतसिंगांनी टाळ्या वाजवल्या. बाईनं माझ्याकडे, मग गाठोड्याकडे पाहिलं, टोपलीतला स्टीलचा सर्वांत छोटा डबा काढून माझ्या हातावर ठेवला आणि भराभरा निघून गेली. माणूस कामातून गेला असं वाटलं की आपण जसं निघतो ना, तशी!

अर्ध्या तासानं सुधा आली. मी डबा उंच धरून तिला सगळा प्रयोग सांगितला.

“छान,” ती म्हणाली. “कुठलं गाठोडं दिलं?”

“धोतराचं.”

“अहो, रेशीम जुन्या धोतरात ठेवतात! आईची करवती साडी होती ती! गुरुवारी लग्नात नेसणार होते मी!”

आणि तिनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. लग्नानंतर बारा वर्षांत मी तिला अशी कोसळलेली पाहिली नव्हती. तिची आई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि आईचं म्हणून तिच्याजवळ तेवढंच एक होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वरचं विटकं फडकं पाहून आतल्या मालाची किंमत ठरवणारा मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक!

पराते ताडकन उठले. “करवती? जरीची हाय का वहिनी?”

सुधानं पदराआडूनच मान हलवली.

“मंग बसून काय राहिले सर! भांडेवालीकून घेऊन जरीवाले साड्या जाळतात नं चांदी काढतात! एका साडीसाठी माणूस किती दिवस मागावर बसते, मालूम हाय का तुमाले?” शिपाई म्हणून ते माझ्याशी कधी असे बोलले नव्हते, आणि मला ते अजिबात खटकलं नाही.

भांडेवाल्या बायका वाडीला ट्रकच्या गोदामांमागं भाड्याच्या खोल्यांत राहतात, हे गुरमीतसिंगांना ठाऊक होतं. त्यांचा ट्रक दारातच उभा होता. आम्ही निघणार, तेवढ्यात ऊन चढल्यावर मी काढून ठेवलेला सुटाचा कोट घेऊन सुधा आतून आली.

“हा घाला. वाडीला वारा झोंबतो.”

भर दुपारी! एवढ्या दुःखातही बाईला नवऱ्याच्या थंडीची काळजी. मी गहिवरून कोट चढवला.

गोदामांमागं दारोदार विचारत दीड तास हिंडलो, तेव्हा चंद्रभागाबाई सापडली. खोलीसमोर उन्हात बसून कपडे निवडत होती. आम्हाला पाहून तिला जराही नवल वाटलं नाही. धोतराचं गाठोडं तिच्या मांडीजवळ तसंच होतं. माझ्या जिवात जीव आला.

“बाई, चूक झाली. हा घ्या तुमचा डबा, आणि गाठोडं परत द्या. वर पैसे देतो!”

माझं पाकीट निघालं. परात्यांनी कनवटीला हात घातला. गुरमीतसिंगांनी नोटांची गड्डीच काढली. तेव्हा मेश्राम सर पहिल्यांदा खदखदून हसले. “सकायपासून पैशाले शिव्या देऊन राहिलो नं आपन!” असं म्हणत त्यांनीही खिशात हात घातला.

“पैशे नाई पाह्यजे,” बाई म्हणाली.

“अहो, जास्त देतो!”

“तुमीच म्हटलं नं सर, पैशाबिगर चालते म्हणून? कपडे द्या, कपडे घ्या.”

माझाच सिद्धांत, माझ्याच डोक्यात! परात्यांनी खांद्यावरचा पंचा काढून पुढं केला, स्वतःच्या मागावरचा शेवटचा. बाईनं तो बोटांत धरला आणि त्यांना परत दिला. “हातचा हाय, बाप्पा. ठेवा.” परात्यांनी तो नीट घडी करून पुन्हा खांद्यावर ठेवला.

मेश्राम सरांनी आपला कोट दोन्ही हातांनी आवळून धरला. “बाई, हा पहिल्या पगाराचा हाय. हा नाई भेटनार.”

“तुमचा कोन मांगते? मले यायचा पाह्यजे.” आणि तिनं सरळ माझ्याकडे बोट केलं.

“हा? हा लग्नातला आहे!”

“थ्या साडीतबी कोनाचं तं काई असन नं?”

मी कोट काढून दिला. तिनं तो उलटासुलटा पाहिला, पांढरं बटण पाहून तोंड वाकडं केलं आणि मग तिची नजर खाली गेली.

“पँट याचीच हाय का?”

“आहे. पण...”

“जोडी फोडली तं भाव पडते.”

मी इतरांकडे पाहिलं. सगळ्यांनी एकदम गोदामाकडं तोंडं फिरवली. गुरमीतसिंग म्हणाले, “ट्रक के पीछे चले जाओ, प्रोफेसर साब. मैं देखता हूँ, कोई आए ना.” परात्यांनी पंचा माझ्या हातात दिला.

वाडीपासून धरमपेठेपर्यंत, अमरावती रोडनं, ट्रकच्या केबिनमध्ये मी वर शर्ट-टाय आणि खाली पंचा असा बसलो होतो. मांडीवर साडी होती. ऑक्ट्रॉय नाक्यावरच्या माणसानं आत डोकावून विचारलं, “अंदर क्या माल है?” गुरमीतसिंग म्हणाले, “अर्थशास्त्र.”

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. सुधानं गाठोडं सोडलं, साडी काढून गालाला लावली. या वेळी तिच्या तोंडावर पदर नव्हता, आणि डोळे खरंच ओले होते. मी गहिवरून पाणी प्यायला आत गेलो. ओट्यावर स्टीलचा भलामोठा, लखलखीत गंज (आमच्याकडे पातेल्याला म्हणतात) होता. वीस माणसांची भाजी मावेल एवढा.

“हा कधी आला?”

“दुपारी.”

“कशावर?”

“तुमच्या कोटावर.”

मी म्हटलं, “कोट तर मी आत्ता...” आणि तिथंच थांबलो.

“चंद्रभागा भेटली ना मला कोपऱ्यावर,” सुधा म्हणाली. “गाठोडं परतच आणत होती बिचारी. म्हणाली, बाई, रेशीम हाय, सर उघडू देऊन नाई राहिले. मीच म्हटलं, तू घेऊन जा, येतीलच मागोमाग. पैसे देतील, घेऊ नको. कोट माग. तिनं गंज आगाऊच दिला, तो मागच्या दारानं आत ठेवून मग मी तुमच्यासमोर आले.” मग तिचं लक्ष खाली गेलं. “अगं बाई! पँट कुठाय?”

“ती पण दिली.”

“पँटचं मी नव्हतं बोलले हो! ती तिची मजुरी असेल.” आणि तिनं पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले, अगदी दुपारसारखे. दुपारी आपण कुठल्या हसण्यावर गहिवरलो होतो, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं.

पुढच्या रविवारी मंडळात वेताच्या खुर्चीवर सुधा बसली होती, आणि चहा मी आणला. मेश्राम सरांनी कप उचलला आणि म्हणाले, “एक शंका हाय सर. साडी घरची घरीच. पैसा कोनं देल्ला नाई. वहिनीले गंज भेटला, भांडेवालीले सूट भेटला. सगळे खुश. मंग या व्यवहारात ओरबाडला कोन गेला?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ट्रे खाली ठेवला, वर्गात हजेरी देणाऱ्या पोरासारखा हात वर केला आणि परात्यांना त्यांचा पंचा परत दिला.