आरती पूर्ण होईपर्यंत

चाळिशीला टेकलेल्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या, आयटीतल्या पुणेकराने नेदरलँड्समध्ये येऊन रस्त्यावर गाड्यांच्या शर्यती लावाव्यात, हे सांगायची मला आजही लाज वाटते. पण लावत होतो. लॉकडाऊनमध्ये घरी बसून डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली आणि संध्याकाळी गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत जायला लागलो. गोदामं बंद, रस्ता सरळसोट आणि माझ्यासारखे आणखी दहा-बारा वेडे.

व्हायचं तेच झालं, पकडला गेलो. खेमेंटेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, माझ्या नावाने लेखी मनाई काढली. पुन्हा अशा शर्यतीत दिसलात, तर दर खेपेला जबर दंड. बायको माझ्यापेक्षा चांगलं डच शिकली होती. तिने ते पत्र मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "पुन्हा नाही ना जाणार?" मी नाही म्हणालो. म्हणालो तेव्हा ते खरंच होतं.

मग गणपती आले. आमच्या मराठी मंडळाची आरती त्या वर्षी झूमवर होती. वसाहतीच्या पलीकडे राहणारे मंडळातले एक काका-काकू क्वारंटाइनमध्ये होते. त्यांच्या दाराशी उकडीचे मोदक ठेवून यायला बायकोने मला पाठवलं. "आरती फोनवरून जॉइन कर हं, पुण्याहून आई-बाबा पण बघणारेत," असं तिने बजावलं. मोदक मी पोचवले. परतताना गाडी वसाहतीत वळली. वळली कसली, मी वळवली.

दोन आठवड्यांनी दंडाचं पत्र आलं. निरीक्षकांनी माझ्या गाडीचा नंबर टिपला होता. मी बायकोला शपथेवर सांगितलं की मी फक्त आरतीपुरता रस्त्याकडेला थांबलो होतो. ती चिडली, पण माझ्यावर नाही, खेमेंटेवर. आम्ही कोर्टात गेलो. तिने स्वतःच्या सहीचं निवेदन दिलं की माझा नवरा मोदक द्यायला गेला होता आणि गाडी थांबवून प्रार्थना करत होता. मंडळाच्या ग्रुपवर आरतीचं रेकॉर्डिंग होतं. तेही तिनेच जोडलं, सुरुवातीची दोन मिनिटं बघून. मी शेवटपर्यंत बघितलं होतं. त्यानंतर तीन आठवडे मला नीट झोप नव्हती, पण तोंड काही उघडलं नाही.

सुनावणीही व्हिडिओवरच होती. जेवणाच्या टेबलाशी आम्ही दोघं शेजारी बसलो. तिने माझा हात आपल्या हाताखाली दाबून धरला. स्क्रीनवर न्यायाधीश बाई, खेमेंटेचा वकील, दुभाषी आणि मधोमध ते रेकॉर्डिंग. मंडळाच्या ताई ताम्हण घेऊन उभ्या, बाकी सगळे म्यूट. एका चौकटीत मी, गाडीत बसून, डोळे मिटून टाळ्या वाजवत होतो. इतका ढोंगी चेहरा मी माझा कधी पाहिला नव्हता.

पाच मिनिटं झाली. सहा झाली. न्यायाधीश बाईंनी हात वर केला. दुभाष्याने सांगितलं, एवढं पुरे आहे, हे गृहस्थ प्रार्थना करताहेत हे दिसतंय. माझा श्वास मोकळा झाला. सुटलो, एवढंच डोक्यात आलं. त्या एका क्षणाची मला सगळ्यात जास्त शरम वाटते.

तेवढ्यात बायको पुढे वाकली आणि डचमध्ये अदबीने म्हणाली की आमच्यात आरती मध्येच थांबवत नाहीत, फार तर दोन मिनिटं राहिली आहेत, तेवढी चालू द्यावी. न्यायाधीश बाई हसल्या आणि त्यांनी मान हलवली. मी "राहू दे गं" म्हणालो. ती पुटपुटली, "अरे, बाप्पाचं आहे."

आरती संपली. ताई म्हणाल्या, "आता सगळ्यांनी अनम्यूट करा, जयजयकार!" पन्नास घरांतून एकदम आवाज आला आणि त्या गलक्यावर इंजिनं गुरगुरली. सगळ्यात मोठा आवाज माझ्याकडचा, म्हणून झूमवर माझी चौकट पिवळी होऊन पडदाभर मोठी झाली. "गणपती बाप्पा," ताई म्हणाल्या. "मोरया!" मी ओरडलो, माझं डोकं सीटवर मागे आपटलं आणि मागच्या काचेतली गोदामाची भिंत बघता बघता लहान होत गेली. टायर किंचाळले. त्या दिवशी सगळ्यांच्या आरडाओरड्यात हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

खेमेंटेच्या वकिलाने बोलायला तोंड उघडलं, पण न्यायाधीश बाईंनी त्याला थांबवलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बायकोला विचारलं, सहीचं निवेदन तुमचं आहे, तुम्ही त्यावर ठाम आहात का?

तिने माझ्या हातावरचा हात काढून मांडीवर ठेवला. "नाही, मी ते मागे घेते," ती डचमध्ये म्हणाली. आवाज अगदी स्वच्छ होता.

दंड कायम झाला, मी भरला, गाडी विकली. तिने माझ्याशी भांडण केलं नाही की आई-बाबांना काही कळू दिलं नाही. हल्ली मी कधी तास-दीड तास उशिरा घरी येतो. दार उघडून ती पान वाढायला घेते. कुठे होतास, असं ती विचारत नाही.