अण्णांची सायकल, चौकोनी ठिपक्यांची

मंडळी, आज दुपारी मी माझ्या वडिलांना सायकलवरून पाडलं. तेही ते गेल्याला वर्ष झाल्यावर.

लेकीनं गेम जॅमसाठी, म्हणजे शनिवार-रविवारात गेम बनवायच्या स्पर्धेसाठी, चौकोनी ठिपक्यांचा छोटा गेम केलाय. एक टोपीवाला माणूस सोलापूरच्या रस्त्यावरून सायकलनं घरी येतो. खड्डे तिनं कमीच काढलेत. खरे काढले असते तर रस्त्याला जागा उरली नसती.

खेळून बघायचं काम माझ्याकडे. वाटेत देऊळ आलं, तसा त्या माणसाचा हात हँडलवरून सुटून कपाळाला लागला.

अण्णा! माझे डोळे भरले आणि अण्णा थेट खड्ड्यात.

शेजारी बसलेली आई ओरडली, "हळू की रे! लागंल त्यांना."

अण्णा उठले, धोतर झटकलं, निघाले. मी पुन्हा पाडलं. पुन्हा उठले.

"अगं, यात माणूस मरत नाही का?" मी लेकीला विचारलं.

"ते चित्र माझ्याच्यानं काढवलं नाही, पप्पा."

शेवटी आईनं कीबोर्ड ओढून घेतला. एका बोटानं, सावकाश, अण्णांना दारापर्यंत आणलं. मग स्क्रीनला म्हणाली, "या. पाणी ठेवलंय."

ठिपक्यांतूनही ओळखू येईल अशी तुमच्या माणसाची लकब कोणती?